मागाच्या खिडकीपुढचं शेवाळ

शालिकराम हेडाऊ यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारात. १९८१ चा एप्रिल होता. परीक्षा संपून मुली घरी गेल्या होत्या आणि मी कपाटातल्या परीक्षानळ्या मोजून ठेवत होते. दारात एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस उभा होता. अंगात रेल्वेच्या डायनिंग कारचा पांढरा कोट, दोन दिवस अंगावरच असावा असा चुरगळलेला. हातात प्लास्टिकचा रिकामा डबा. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या. प्रयोगशाळेत कोणी चपला काढून येत नाही.

“बाई, तुमच्याइथं वाफेचं पाणी भेटते का?” त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. पाण्याची वाफ करून पुन्हा थंड करतात ते. बॅटरीत टाकतात ते. दुकानातून दोनदा आणलं, पण दुकानदार नळाचंच भरून देतो असा त्यांना संशय होता.

“कुठल्या बॅटरीसाठी पाहिजे?”

“बॅटरी नाही, बाई. घरी समुद्र आहे.”

हे त्यांनी अगदी थकलेल्या आवाजात सांगितलं. ‘घरी म्हातारी आजारी आहे’ असं एखादा सांगतो तसं. मी त्यांना दोन लिटर पाणी दिलं. आठ दिवसांनी डबा धुऊन, सोबत मद्रासचे केळ्याचे वेफर घेऊन ते परत आले आणि म्हणाले, “एक डाव येऊन पाहा न बाई. तुम्ही सायन्सवाल्या. मले तर काही समजून नाही राहिलं.”

त्यांचं घर नागपूरच्या तांडापेठेत. गल्लीत पूर्वी दर घरातून मागाचा आवाज यायचा. मी गेले तेव्हा चार-पाच घरांतूनच येत होता. हेडाऊ घराणं कोष्ट्यांचं, तीन पिढ्या नागपुरी पातळं विणणारं. पुढच्या खोलीत जिथे माग होता तिथला खड्डा आता बुजवलेला होता, आणि त्या बुजवलेल्या जागेवर, लोखंडी घोडीवर, तीन फूट लांबीची काचेची टाकी ठेवली होती. मागे बुटकी, रुंद खिडकी. खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराच्या हातावर बरोबर उजेड पडावा अशी काढलेली. तो सगळा उजेड आता टाकीवर पडत होता.

टाकीत खरोखरच समुद्र होता. तळाला पोवळ्याची पांढरी खडी. दोन मोठे दगड, त्यांतल्या एकावर तळहाताएवढं जिवंत पोवळं. दगडांच्या मध्ये एक फूल. ते फूल नव्हे, प्राणी. पण घरात सगळे त्याला फूलच म्हणत. बशीएवढं, तपकिरी, बोटांसारख्या पाकळ्या हलवणारं. त्या बोटांत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, आपल्याच अंथरुणात लोळावं तसे लोळत होते. मी त्रेपन्न वर्षांची होते आणि असलं काही मी पुस्तकातल्या चित्रातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि या सगळ्यावर शेवाळ. दगडांवर हिरव्या केसांचे झुपके, काचेवर हिरवट साय, पोवळ्याच्या कडेला चढत चाललेली बारीक लव.

शालिकराम पाटावर बसले, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि बांबूच्या चिमट्याने एकेक झुपका उपटू लागले. धागा मुळापासून निघाला पाहिजे, मध्येच तुटला तर उरलेला दुप्पट वाढतो, असं ते म्हणाले. तुटकी टोकं बोटांत धरायची सवय त्या घरातल्या हातांना होतीच. पाच दिवस मद्रासच्या गाडीत उभं राहून यायचं आणि घरी असलेल्या तीन दिवसांत रोज सकाळी साडेपाचपासून दोन तास हे करायचं. ते पुन्हा ड्यूटीवर गेले की शेवाळ मोकळं.

त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, चटपटीत, तोंडाने तिखट. “पाहून घ्या बाई,” त्या म्हणाल्या. “माणसं घरी आले की बायकोचं तोंड पाह्यतात. हे बुडाले का तिथंच. सवत तरी केली असती त भांडता आलं असतं. या काचेसंगं का भांडू?”

“तू जा वं,” शालिकराम पाण्याकडेच पाहत म्हणाले.

“जातो न. कुठी जाणार हाओ, विहिरीवर. तुमच्या समुद्राले पाणी आणाले.”

तेव्हाच मला निम्मं उत्तर मिळालं. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या टाकीतलं पाणी रोज लिटर-दीड लिटर उडून जायचं. पाणी गार राहावं म्हणून वर पंखा लावलेला, त्यामुळे जास्तच. आणि ती भर विहिरीच्या पाण्याने व्हायची. मीठ उडत नाही आणि विहिरीतून येणारा क्षारही उडत नाही. तो टाकीत साठत जातो. शेतात खत साठावं तसा.

मी वहीत लिहून द्यावं तसं त्यांना सांगितलं. विहिरीचं पाणी बंद करा. माशांना दिवसातून एकदाच, चिमूटभर खायला द्या. आणि ही खिडकी लावून घ्या, वरच्या ट्यूबचा उजेड सहा-सात तास पुरे. महिन्याभरात शेवाळ आपोआप मरेल.

शालिकरामांनी हात पाण्यातून काढला, पंच्याला पुसला.

“पाण्याचं करतो,” ते म्हणाले. “बाकीचे दोन नाही होत.”

“का?”

त्यांनी टाकीशेजारी खिडकीला लागून ठेवलेल्या बाजेकडे पाहिलं. बाजेवर गोधडी, उशाशी चंची आणि एक वाटी. वाटीत कुटलेल्या सुक्या झिंग्यांची पूड.

“दादा बसते तिथं.”

दादा म्हणजे थोरले भाऊ मारोतराव. ते तेव्हा पान आणायला चौकात गेले होते, म्हणून शालिकराम बोलले. नाहीतर त्या घरात ही गोष्ट कोणी तोंडातून काढत नसे.

वडील गेल्यावर दोघं भाऊ एकाच मागावर होते. उभ्या धाग्यांचा ताणा पसरायला, तो मागावर चढवायला दोन माणसं लागतातच. १९६३ मध्ये शालिकरामांना डायनिंग कारमध्ये नोकरी लागली. पत्र आलं त्या दिवशी मागावर लग्नाच्या पातळांचा नवा ताणा चढलेला होता, हातभर कापडसुद्धा विणून झालं नव्हतं. चार दिवसांत हजर व्हायचं होतं. ते गेले. मारोतरावांनी तो ताणा एकट्याने संपवला आणि त्यानंतर धाकट्या भावाशी बोलणं सोडलं. भांडण नाही, वाटणी नाही. एकच चूल, एकच विहीर. काही सांगायचं झालं तर प्रेमलताबाईंकडे पाहून, “सूनबाई, त्याले सांग, छतावरचे कवेलू फेरा लागते,” एवढंच. स्वतःची बायको वारली तेव्हासुद्धा “त्याले तार कर” असं शेजाऱ्याला सांगितलं.

पुढे मारोतरावांचे गुडघे गेले, नजर गेली, १९७७ मध्ये माग बंद पडला. त्यांनी स्वतःच माग सोडवून लाकडं माळ्यावर टाकली. आणि रोज त्या खिडकीशी बसू लागले, समोर बुजवलेल्या खड्ड्याकडे पाहत.

दोन वर्षांनी शालिकरामांनी मद्रासहून मासे आणले. का आणले हे त्यांना नीट सांगता आलं नाही. तिथल्या समुद्री जीवांच्या एका प्रयोगशाळेतला शिपाई त्यांच्या ओळखीचा होता. त्याने दाखवले, ते यांना सोडवेनात. टाकी ठेवायला घरात मोकळी जागा ती एकच. मारोतराव दोन दिवस त्या टाकीकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी शालिकराम पाणी ढवळत असताना मागून आवाज आला.

“त्याहिले भूक लागली असन.”

सोळा वर्षांनी. प्रेमलताबाई चुलीपाशी होत्या. त्यांना वाटलं कोणी पाहुणा आला.

“आता तुम्हीच सांगा बाई,” शालिकराम मला म्हणाले, “त्याले कसं म्हणू, दादा, तू खाऊ नको टाकू? अन् खिडकी लावू म्हणाल, त थो बसन कुठी?”

माझं शास्त्र बरोबर होतं, पण ते त्या घरात चालणार नव्हतं.

एवढ्यात मारोतराव आले. भावापेक्षा दहा वर्षांनी मोठे, वाळलेले, जाड भिंगाचा चष्मा. बाजेवर बसले, वाटी घेतली आणि माशांना पूड टाकली. मी मोजत होते असं नाही, पण तासाभरात त्यांनी तीनदा टाकली.

“शाल्या, थो लहान्या खाऊन नाही राहिला गा. तू त्याले पाय.”

“पाह्यतो, दादा.”

“आज गाडीत का केलं होतं?”

“सांबार-भात.”

“रोज सांबार. मद्रासी लोक लगन लागलं तरी सांबारच खातेत का?”

असं चालू. सोळा वर्षांचं साचलेलं. मारोतराव दिवसभर बोलत आणि शालिकराम शेवाळ वेचत ‘हो दादा’ म्हणत.

पाण्याचं मात्र त्यांनी केलं. पावसाळ्यात अंगणात धुतलेलं धोतर चार खांबांना बांधून त्याखाली प्लास्टिकचे डबे ठेवले आणि उन्हाळ्यापुरतं पाणी साठवलं. डबे प्लास्टिकचेच हवेत, हा त्या घरातला कायदा होता. मद्रासच्या शिपायाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: टाकीला तांब्या-पितळेचं भांडं लागू द्यायचं नाही, तांबं पाण्यात उतरलं तर फूल आणि पोवळं मरतं. प्रेमलताबाईंनी पाण्याचा तांब्याचा गुंड पुढच्या खोलीतून मागे नेला होता. मारोतरावांच्या बोटात गुडघेदुखीसाठी तांब्याची अंगठी होती. टाकीत हात घालायचा झाला तर ते ती आधी काढून चंचीत ठेवत.

विहिरीचं पाणी थांबल्यावर शेवाळ थोडं कमी झालं. संपलं नाही. खिडकी होती, वाटी होती. दोन तासांचं काम दीड तासावर आलं इतकंच. मी अधूनमधून जात असे. १९८३ च्या मार्चमध्ये गेले तेव्हा शालिकराम पाटावर बसल्या बसल्या, हात पाण्यात असतानाच, भिंतीला डोकं टेकून झोपले होते. मारोतरावांनी मला तोंडावर बोट ठेवून खूण केली.

“झोपू द्या,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “लय दमून राहिला आजकाल. हे गवत त्याचा जीव घेईन एक दिवस.”

मग बराच वेळ ते टाकीकडे पाहत राहिले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या गल्लीत राहायची, तिने मे महिन्यात सांगितलं की हेडाऊंचं फूल गेलं. मी संध्याकाळी गेले. उन्हाळा भयंकर होता, पारा सेहेचाळीसच्या वर गेलेला. वाटलं, उन्हाने गेलं असेल.

टाकी मी कधी पाहिली नव्हती इतकी स्वच्छ होती. काच लखलखीत, दगडांवर एक केस नाही. मासे दोन्ही होते, एका कोपऱ्यात, खडीशी चिकटून. फुलाची जागा रिकामी. पोवळं पांढरंफटक पडलेलं, हाडासारखं. शालिकराम आदल्या दिवशीच ड्यूटीवरून परतले होते. ते पाटावर बसले होते, पण हातात चिमटा नव्हता. वेचायला काही नव्हतंच.

मारोतराव मला पाहून खूश झाले.

“पाहा बाई. चार वर्षं याचं चालू होतं, म्या तीन दिवसांत साफ केलं.”

“काय केलंत?”

“आपल्या रंगाच्या हौदाचंच तंत्र. माह्या बापाच्या हौदात कधी गोंडाळ धरलं नाही. मोरचुदाची पोटली सोडायची, सुपारीएवढी.” त्यांनी खिडकीच्या कोनाड्यातून कापडाची एक लहान पोटली काढून दाखवली. कापड निळं झालेलं होतं, दोऱ्याची गाठ विणकराची, बारीक आणि घट्ट. “शाल्या गाडीवर होता तवा सोडली. म्हटलं, येईन त त्याले आराम. हात घालाच्या आधी अंगठी काढून ठेवली होती, सूनबाईले इचारा. तांब्याचं मले पाठ आहे.”

मी त्या निळ्या कापडाकडे पाहिलं. दरवर्षी आठवीच्या मुलींना मी मोरचुदाचे खडे दाखवून ते तांब्यापासून होतात असं फळ्यावर लिहीत असे. मारोतरावांनी चाळीस वर्षं ते हाताळलं होतं. त्यांच्यासाठी तो निळा खडा होता, रंग पक्का करणारा. तांबं म्हणजे गुंड, तांब्या, अंगठी.

“मारोतराव, मोरचूद म्हणजे—”

“बाई,” शालिकराम म्हणाले, “चहा थंडा होऊन राहिला तुमचा.”

चहा अजून आलाच नव्हता. मी थांबले.

“फूल मात्र उन्हानं गेलं,” मारोतराव म्हणाले. “यंदा माणसं टिकून नाही राहिले, थ्याचं का. नाही गा, शाल्या?”

“हो, दादा. उन्हानंच.”

“पुढच्या खेपेले दुसरं आणजो. आता टाकी साफ आहे.”

“पाह्यतो, दादा.”

प्रेमलताबाई दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि खरंच चहा घेऊन आल्या.

शालिकराम मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. वाटेत मी म्हटलं की खडी आणि दगड सगळं फेकून नवं भरावं लागेल. तांबं त्या खडीत शिरून बसतं, हळूहळू पाण्यात उतरत राहतं. यात पुन्हा फूल जगणार नाही.

“मालूम आहे,” ते म्हणाले. “पण खडी फेकली त थो इचारन, काहून फेकली? अन् मले खोटं बोलता येत नाही जास्त. एकच बोललो, थेच लय झालं.”

“त्यांना चुकून झालं असं सांगितलं तर समजून घेतील.”

शालिकराम थांबले. गल्लीतून कोणीतरी सायकलवर सुताच्या लडी घेऊन चाललं होतं, त्याला वाट दिली.

“बाई, तुम्ही दादाले वळखत नाही. थो समजून घेईन. मले काही नाही म्हणणार. मंग खिडकीतून उठन, अन् मागच्या खोलीत जाऊन बसन, अन् पुन्हा बोलणार नाही. माह्यावरच्या रागानं सोळा वर्षं बोलला नाही. सोताच्या रागानं किती वर्षं नाही बोलणार?” मग म्हणाले, “फूल छान होतं.”

ते परत वळले. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा गाडी होती.

दुसरं फूल आलं नाही. मारोतराव विचारत, तेव्हा शालिकराम सांगत की मद्रासचा तो शिपाई बदलून गेला. म्हणजे दुसरं खोटंही त्यांना बोलावं लागलं. मासे काही दिवस त्या रिकाम्या जागेभोवती फिरले, मग प्रेमलताबाईंनी टाकलेल्या एका मातीच्या बोळक्यात राहू लागले.

ऑक्टोबरात शेवाळ परत आलं. आधी काचेच्या कोपऱ्यात, मग दगडांवर. खिडकी तीच होती आणि वाटीही तीच.

“सोडू का गा पोटली?” मारोतरावांनी विचारलं. मी तिथेच होते.

“नको, दादा.”

“काहून? तीन दिवसांत साफ होते.”

“मले हातानं काढाले बरं वाटते.”

“बरं वाटते म्हणे,” मारोतराव माझ्याकडे वळून म्हणाले. “घ्या. लहानपणापासून असाच आहे हा. सोपं असन थे याले करताच येत नाही.” पण पोटली त्यांनी परत कोनाड्यात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी प्रेमलताबाईंनी ती उचलून उकिरड्यावर टाकली.

त्यानंतर मारोतरावही खाली बसू लागले. गुडघे वाकत नसत म्हणून उंच पाट. त्यांना दिसत फारसं नव्हतं, पण बोटांना कळत असे. शालिकरामांसाठी बांबू तासून चिमटा त्यांनीच केला होता, आता स्वतःसाठी दुसरा केला. दोघं भाऊ टाकीच्या दोन बाजूंना, हात पाण्यात. मारोतराव काढत त्यापेक्षा तोडत जास्त, आणि तुटलेलं दुप्पट वाढे, म्हणून शालिकरामांचं काम पुन्हा दोन तासांवर गेलं. ते कधी काही बोलले नाहीत. ड्यूटीवरून येत, कोट काढून खुंटीला लावत आणि बसत. डोळ्यांखाली काळं आलेलं, हाताची कातडी मिठाने फुटलेली. “तुमची तब्येत?” असं मी विचारलं की म्हणत, “चालू आहे.”

हे पाच वर्षं चाललं. एक मासा १९८६ मध्ये गेला. त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले.

मारोतराव १९८८ च्या पौषात गेले. न्यूमोनिया झाला होता, चार दिवसांत आटोपलं. शालिकराम घरी होते. शेवटच्या दिवशी सकाळी मारोतरावांनी विचारलं, “माशाले टाकलं का?” शालिकराम म्हणाले, “टाकलं.” त्यानंतर त्यांचं बोलणं झालं नाही.

तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले. बाज उचललेली होती. बुटकी खिडकी लावलेली, कडी घातलेली. खोलीत ट्यूबचा निळसर उजेड. झिंग्यांची वाटी घासून फडताळात ठेवली होती. माझा १९८१ मधला सल्ला त्यांनी सात वर्षांनी मानला होता.

महिन्याभरात शेवाळ गेलं. मी सांगितलं होतं तसंच, आपोआप.

परवा प्रेमलताबाई बाजारात भेटल्या. टाकीत मासा अजून आहे. शालिकरामांना पूर्वीसारखीच मद्रासची गाडी आहे, पाच दिवस बाहेर, तीन दिवस घरी. घरी असले की आता ते सकाळी सातपर्यंत झोपतात.